बंड्याची शुश्रूषा आणि शेवटचा निर्णय

कुत्र्याची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत असतात तेव्हा घरातल्या कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही, कारण उरलेला निरोगी भाग गेलेल्या भागाचे काम निमूटपणे अंगावर घेतो. साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी पातळ होऊ लागते आणि जनावर जास्त पाणी पिऊ लागते. सुमारे तीन चतुर्थांश भाग गेल्यानंतर कुठे रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे एरवी गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, वाढलेले दिसते. आमच्या बंड्याच्या रक्ताचा अहवाल हाती आला तेव्हा ते ५ च्या पुढे गेले होते, म्हणजे चार टप्प्यांच्या या आजाराचा शेवटचा टप्पा होता. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली दिसली. बंड्या तेरा वर्षांचा गावठी कुत्रा होता, एक कान उभा आणि एक पडलेला, आणि त्या पावसाळ्यापर्यंत जिना चढताना माझ्या पुढे असायचा.

कारण काय, याचे नेमके उत्तर डॉक्टरांनी दिले नाही आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. गोरेगावात आरेच्या बाजूला राहणाऱ्यांना गोचिडी नव्या नाहीत. गोचिडताप बंड्याला तरुणपणी येऊन गेला होता आणि तो ताप मूत्रपिंडांवर खूण ठेवून जाऊ शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो हाही मूत्रपिंडांचा वैरी आहे, पण त्याची लस बंड्याला दरवर्षी दिलेली होती. शिवाय वय होतेच. डायलिसिसचा विषय माझ्या नवऱ्याने काढला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की कुत्र्यांमध्ये त्याचा उपयोग मुख्यतः अचानक झालेल्या इजेत होतो, जिथे मूत्रपिंड पुन्हा सावरण्याची आशा असते. आक्रसलेल्या मूत्रपिंडांना तो वेळ देऊन काही साधत नाही. त्या पुढे म्हणाल्या, "बरा होणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मग त्याला मळमळू नये, तोंड येऊ नये, अंगातलं पाणी कमी होऊ नये, यासाठी काय करायचं ते मी शिकवते." तिथून पुढचे सगळे दिवस आम्ही या तीन गोष्टींच्या मागे होतो.

सर्वांत मोठे काम सलाईनचे. निकामी मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे कुत्रा कितीही प्यायला तरी आतून कोरडा पडत जातो, आणि कोरडा पडला की रक्तात साठणारी घाण आणखी वाढते. हे पाणी दरवेळी शिरेतूनच द्यावे लागते असे नाही. कुत्र्याच्या खांद्यांवरची कातडी सैल असते आणि तिच्याखाली बरेच पाणी मावते. डॉक्टरांनी दवाखान्यात आधी स्वतः करून दाखवले आणि मग माझ्या हातून करवून घेतले. रिंगर लॅक्टेट या सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करायची, खिडकीच्या वरच्या गजाला अडकवायची आणि नळीतली हवा काढून टाकायची. मग दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलली की तिच्या बुडाशी एक खळगा तयार होतो. त्या खळग्यात १८ नंबरची सुई, तिरके तोंड वरच्या बाजूला ठेवून, न थांबता सरकवायची. बारीक सुई कमी दुखेल असे कोणालाही वाटते, पण तिच्यातून पाणी उतरायला इतका वेळ लागतो की आजारी कुत्र्याचा धीर सुटतो. जाड सुई टोचताना तो एकदा अंग आकसतो आणि मग विसरतो. पाणी उतरू लागले की खांद्यावर उंटासारखा उंचवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरतो. आदल्या दिवशीचे पाणी जिरलेले नसेल तर नवे द्यायचे नाही, डॉक्टरांना फोन करायचा, ही ताकीद आम्ही भिंतीवर लिहून ठेवली होती. सुई दरवेळी नवी वापरायची. वापरलेल्या सुया मी एका जाड प्लास्टिकच्या बरणीत जमा करत असे आणि बरणी भरली की दवाखान्यात नेऊन देत असे, कारण आमच्याकडे कचरा वेचायला येणाऱ्या बाई हाताने कचरा वेगळा करतात.

या कामाचा एक फायदा मला आधी ठाऊक नव्हता. बाटली उतरेपर्यंत माझा एक हात सुईपाशी आणि दुसरा त्याच्या पाठीवर असायचा, आणि त्या रोजच्या बैठकीत त्याच्या शरीराची मला इतकी ओळख झाली की वजनकाटा सांगण्यापूर्वी मणके हाताला लागू लागले होते. हिरड्या फिकट होत चालल्या आहेत, हेही असेच लक्षात आले. रक्तातल्या तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश मूत्रपिंडाकडून जातो आणि मूत्रपिंड थकले की तो संदेशही क्षीण होतो, हे डॉक्टरांनी त्यानंतर समजावून सांगितले. रक्तदाब वाढून एकाएकी दृष्टी जाऊ शकते म्हणून त्याची गोळीही सुरू झाली. आजाराविषयी इंटरनेटवर मी पुष्कळ वाचले, पण बंड्याविषयी जे काही मला कळले ते हाताला कळले.

जेवणाची गोष्ट अधिक अवघड होती, कारण जेवणावर घरातल्या प्रत्येकाचे मत असते. या आजारात फॉस्फरस कमी करणे महत्त्वाचे असते आणि मराठी घरातले कुत्र्याचे लाडाचे जेवण, म्हणजे दूधपोळी, हाडे, रविवारच्या मटणातली काळीज-कलेजी, हे सगळे फॉस्फरसने भरलेले असते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी मिळणारे तयार कोरडे अन्न महाग असते, आणि बंड्याने ते हुंगून वाटी नाकाने पुढे ढकलली. मग डॉक्टरांना विचारून मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग आणि वर थोडे तूप असे जेवण ठरले; अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने चांगली असतात आणि फॉस्फरस फार कमी. तूप घालायचे ते उष्मांकासाठी. त्याच्या वाट्याचा प्रसादाचा शिरा मात्र सासूबाईंनी वर्षानुवर्षे बेदाणे वगळून ठेवला होता, आणि ते योग्यच होते, कारण द्राक्षे, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. घरोघरी बेदाणे घातलेला शिरा कुत्र्याला प्रेमाने भरवला जातो, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिते.

पुढे पुढे पथ्याला अर्थ उरला नाही. जे खाईल ते द्या, असे डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा आम्हाला कळले की आपण एक पायरी खाली उतरलो आहोत. रक्तात युरिया साठला की तो लाळेत उतरतो, तोंडातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि जिभेच्या कडेला, गालाच्या आत व्रण पडतात. श्वासाला लघवीसारखा वास येतो. मळमळणारा कुत्रा उलटी करेलच असे नाही. तो ओठ चाटत राहतो, लाळ गिळत राहतो, वाटीपाशी जातो आणि मान वळवतो. माणसे याला "नखरे करतो" म्हणतात. उलटीवरचे औषध वेळेवर गेले की त्यानंतरच्या तासाभरात तो चार घास खायचा, म्हणून घराचे घड्याळ त्या औषधावर लागले. तोंड डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने, कापसाच्या बोळ्याने पुसावे लागे. हे काम नवऱ्याने अंगावर घेतले. एरवी घरातले झुरळ मारायलाही तो मला हाक मारतो, पण त्या वासाशेजारी तोंड नेऊन तो बंड्याच्या कानात काहीतरी पुटपुटत बसायचा.

या काळात सल्ले फार येतात. त्यांतला एक धोकादायक असल्यामुळे त्याच्याविषयी सांगते. पाय दुखत असतील तर आपली दुखण्यावरची गोळी अर्धी करून द्या, असे सांगणारे किमान पाच जण भेटतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि कुत्र्याला ती मुळीच मानवत नाहीत. ज्याची मूत्रपिंडे आधीच गेली आहेत त्याला तर अर्धी गोळीही भारी पडते. याच डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडे जवळपास संपवली. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचे आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडायची. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसांच्या औषधांच्या डब्यात ते अजून आहे, आणि तो डबा कुत्र्याच्या बाबतीत उघडायचा नाही.

मागचे पाय लटपटू लागल्यावर घराची मांडणी बदलली. गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या कुत्र्याची शत्रू असते, तेव्हा पलंगापासून दारापर्यंत रबरी चटया अंथरल्या. जुन्या साड्यांच्या गोधड्या सासूबाईंनी बाहेर काढल्या. खाली मेणकापड, वर गोधडी, आणि ओली झाली की बदलायची. पोटाखालून टॉवेल घेऊन, दोन्ही टोके वर धरून त्याला चालवता येते. झोपलेल्या बाजूला कोपरावर आणि खुब्यावर व्रण पडतात, म्हणून रात्रीतून कूस बदलावी लागे. ज्याने आयुष्यात घरात कधी लघवी केली नव्हती त्या कुत्र्याला गोधडीत झाली की तो मान खाली घालून आमच्याकडे पाहायचा, आणि रागावलेले कोणी नाही हे त्याला पटवण्यात आमची बरीच शक्ती जायची.

आता निर्णयाविषयी. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आजारी जनावराच्या जगण्याची प्रत तपासण्यासाठी सात कसोट्यांची एक मोजपट्टी तयार केली आहे: वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवायला आधार आहे असे मानायचे. आमच्या डॉक्टरांनी तो कागद दिला तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला, कारण जिवंत प्राण्याला परीक्षेसारखे गुण कसे द्यायचे? पण घरातल्या तिघांनी एकमेकांना न दाखवता गुण लिहायचे ठरवले आणि त्या कागदाचा उपयोग पटला. सासूबाईंचे आकडे नेहमी सर्वांत जास्त, नवऱ्याचे सर्वांत कमी, माझे मध्ये. आणि गणपती होऊन गेल्यानंतर तिघांचेही आकडे एकाच दिशेने घसरू लागले. आकडे खरे की खोटे हा प्रश्न नव्हताच. "काल जेवला होता की", "आज शेपूट हलवली", असे म्हणत प्रत्येक वाईट दिवस आदल्या चांगल्या दिवसाखाली झाकण्याची जी सवय लागते, ती त्या कागदामुळे मोडली.

दयामरणाचा शब्द घरात पहिल्यांदा निघाला तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या. त्यांच्या लेखी ते पाप होते, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती, कारण रात्री कूस बदलायला त्या माझ्याइतक्याच वेळा उठत होत्या. दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. त्यांचे वडील खादी वापरणारे, गांधींचे अनुयायी. त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली साबरमतीच्या वासराची हकीकत त्यांना आठवली होती. १९२८ साली आश्रमातले एक जखमी वासरू असह्य वेदनांत पडून होते, कुशीवर वळणेही त्याला अशक्य झाले होते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने हात टेकले होते. गांधींनी डॉक्टरकडून त्याला विषाचे इंजेक्शन देववले आणि नंतर ते स्वतः लिहून जाहीर केले. देशभरातून निषेधाची पत्रे आली, अहिंसेच्या पुजाऱ्याने गोहत्या केली असे आरोप झाले. गांधींनी उत्तर दिले ते मला महत्त्वाचे वाटते: जेवढी सेवा शक्य होती तेवढी करून झाली होती आणि वेदना कमी करण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग आपली सेवा करून झालीय का, ते आधी सांग मला." इतका नेमका प्रश्न मला त्या काळात कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांकडून आम्ही एकच गोष्ट विचारून घेतली: अजून काही औषध, काही उपाय असा आहे का, ज्याने त्याची मळमळ आणि तोंडाचे व्रण कमी होतील? त्या नाही म्हणाल्या.

इथे कायद्याविषयीही एक वाक्य. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात "प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल" अशा अवस्थेचा स्पष्ट विचार केलेला आहे. म्हणजे दयामरण हा शहरी लोकांनी काढलेला नवा फॅशनेबल पर्याय आहे, हे जे आम्हाला एका नातेवाइकांनी ऐकवले, त्यात तथ्य नाही. "निसर्गावर सोडा" असे सांगणाऱ्यांना मूत्रपिंडाच्या आजाराचा निसर्ग ठाऊक नसतो. तो झोपेत हळूच येणारा मृत्यू बहुधा नसतो. त्यात उलट्या असतात, कधी झटके असतात, आणि ते मध्यरात्रीही सुरू होऊ शकतात, जेव्हा उघडा दवाखाना मिळणे कठीण असते. आम्ही शुश्रूषा जितक्या काळजीने केली होती तितक्याच काळजीने हे टाळायचे ठरवले. दिवाळीच्या फटाक्यांच्या आधीचा दिवस निवडण्यामागे हेही होते की बंड्या आयुष्यभर फटाक्यांना घाबरत आला होता.

डॉक्टर घरी आल्या. काय काय होईल ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आणि त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. आधी स्नायूत गुंगीचे इंजेक्शन, ज्याने तो झोपेल. त्यानंतर पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई. मग शस्त्रक्रियेला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रेत भुलीचे औषध, ज्याने आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो आणि मग हृदय. डोळे उघडेच राहतात. श्वास थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखी हालचाल होऊ शकते, लघवी होऊ शकते. ते शरीराचे आहे, त्याला काही जाणवत नसते. "त्याला कळेल का?" असे सासूबाईंनी विचारले. "पहिली सुई कळेल, आई. दुसरी नाही," असे त्या म्हणाल्या, आणि झालेही तसेच. पहिल्या सुईपूर्वी सासूबाईंनी त्याला बोटाने शिरा चाटवला. मी खांद्यांवर हात ठेवला होता, जिथे रोज सलाईनसाठी ठेवत असे, आणि गुंगी चढत गेली तशी तिथली ताठरता जाताना मला स्पष्ट जाणवली. ती ताठरता इतक्या दिवसांपासून होती की मी तिला त्याच्या अंगाचाच भाग समजू लागले होते. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकले आणि मान हलवली. कोणी घाई केली नाही.

पुढचे व्यवहार थोडक्यात सांगते. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे. त्याला तिथे नेले. गोधड्या धुऊन सासूबाईंनी त्या एका प्राणी निवाऱ्याला दिल्या. सलाईनच्या न उघडलेल्या बाटल्या आणि सुयांची पाकिटे दवाखान्यात परत नेली, तेव्हा त्यांतल्या दोन त्याच दिवशी एका मांजराच्या कामी आल्या. गोळ्यांचे तक्ते मी फाडून टाकले, गुणांचे कागद मात्र ठेवले आहेत. नवऱ्याला ते आवडत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचा लॅब्रेडोर दहा वर्षांचा झाला आहे. परवा लिफ्टमध्ये त्यांनी विचारले की आमच्याकडे जे झाले ते लवकर कळावे म्हणून सुरुवात कशाने करावी. मी सांगितले की वर्षातून एकदा रक्त तपासा, पण त्याआधी सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून न्या. लघवी किती दाट आहे यावरून मूत्रपिंडाचे पुष्कळ कळते, बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्याही आधी. "ती धरायची कशी?" असे त्यांनी काळजीने विचारले. लांब दांड्याचा डाव घ्या, मागून हळूच पुढे सरकवा, आणि काकूंना आधीच सांगून ठेवा की तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही.